उलथन्याच्या टोकावरचं

रिपोर्ट इंग्रजीत आला,
डॉक्टरीणबाईंनी तो कन्नडात सांगितला,
भीती वाटली ती मात्र मराठीत.
नऊ पूर्णांक चार.
मी विचारलं, किलो काय?
त्या हसल्या नाहीत.

एकतीस वर्षं शहापूरच्या भट्टीवर कुंदा घोटतोय.
दूध आटतं, साखर पडते, रंग तांबूस चढत जातो,
आणि उलथन्याच्या टोकावरचं एवढंसं
जिभेवर ठेवून बघायचं, जमलंय का.
त्याला कुणी खाणं म्हणत नाही.
ते काम.

त्या रात्री पेपराच्या कोऱ्या कडेला आकडे मांडले.
दिवसाला चार कढया,
कढईमागं दहा ग्रॅम धर,
वर्षाचे साडेचौदा किलो.
एकतीसनं गुणलं
तर साडेचार क्विंटल भरलं,
दिवाळीचं वेगळं.
"आणि म्हणे मी गोड खात नाही!"
मालूनं पेपराची घडी घातली
आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिली.

आता पहाटे साडेपाचला गल्लीतून हाक येते,
"बर्री, नागोजी!"
मल्लाप्पाचं बीपी, माझी शुगर,
दोघांना घेऊन आम्ही अनगोळच्या शिवारापर्यंत जातो.
पहिला आठवडा पायांना कळेचना, निघालोय कुठं.
त्यांना भट्टीपुढं उभं राहायची सवय,
चालणं म्हणजे काहीतरी विसरून परत जायचं, एवढंच ठाऊक.
वाटेत तो बांधाकडं बोट करतो : पुंडी.
मी म्हणतो : अंबाडी.
या भांडणात रोज अर्धा मैल सरतो,
आणि येताना दोघांच्या पिशवीत
एकेक जुडी असते.

भाताचा डोंगर होता माझ्या ताटात,
तो आता एका वाटीत मावतो.
आधी पाला, मग हुलग्याची आमटी,
मग भाकरी, तीही मोजून.
मालू समोर बसते.
काही बोलत नाही.
तिचं न बोलणं पथ्यापेक्षा कडक.
रात्रीचं जेवण दुकान बंद झाल्यावर नव्हे,
आठच्या आत.
गिऱ्हाईक थांबलं तर थांबू दे, म्हणते,
रक्त थांबत नाही.

खानापूरच्या लग्नात मात्र घात झाला.
तीन मांडे. दूध-तूप ओतून.
पहिला आग्रहानं, दुसरा लाजेनं,
तिसऱ्याला कारणच नव्हतं.
दुसऱ्या दिवशी शिवारात मल्लाप्पाला तेवढं सांगितलं.
तो बराच वेळ गप्प चालला,
मग म्हणाला, मीपण काल
लोणच्याची बरणी उघडली होती.
त्या दिवशी आम्ही एक चक्कर जास्त मारली,
कुणी सुचवली नव्हती.

राहिला प्रश्न कढईचा.
चव कोण बघणार?
निंगाप्पा सोळा वर्षांचा,
त्याला कच्चंही गोड, करपलेलंही गोड.
म्हणून मी ऐकायला लागलो.
रवाळ होताना कढईचा आवाज जाड होतो.
साखर पलटायच्या आधी क्षणभर
वासात कडूपणाची एक रेघ येते.
उलथनं मनगटाला जड लागलं की समजायचं.
हे सगळं कढई कधीपासून सांगत होती,
मीच तोंडात घास घेऊन उभा होतो.

तरी शेवटची खात्री लागतेच.
काल टोकावरचं निंगाप्पापुढं धरलं.
त्यानं डोळे मिटले, जीभ फिरवली,
म्हणाला, "मालक, इन्नू स्वल्प."
मी आच वाढवायला वाकलो,
तर पोरगं उलथन्याकडंच बघालंय!
अजून थोडं शिजवा नव्हे,
अजून थोडं द्या.

हसलो. दिलं नाही.
भट्टीमागच्या भिंतीवर
कोळशानं त्याच्या नावाची एक रेघ ओढली.
कसली, विचारत होता.
दहा ग्रॅम, म्हटलं.
तुझा हिशोब आजपासूनच ठेवू.